शिक्केवाल्या साहेबांचा दाखला

आमच्या वकीलसाहेबांनी एकदा स्वतःच्या बायकोला, स्वतःच्या घरात, चार पक्षकारांच्या देखत तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. मी तिथे बसलो होतो म्हणून सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

साहेब अमरावतीचे नोटरी पब्लिक. कागदावर सही करणारा माणूस खरंच तोच आहे आणि त्यानं आपल्यासमोर सही केली, एवढं लिहून खाली सरकारी शिक्का उठवायचा, हे त्यांचं काम. वकिलीही करत, पण गावाच्या तोंडी ते 'शिक्केवाले'च. कॅम्पातल्या घराची पुढची खोली म्हणजे कचेरी. तिला एक दार रस्त्याकडे आणि एक मधलं दार, घरात उघडणारं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आपल्या अकोल्याच्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचं होतं. मधल्या दारानं आल्या असत्या तर स्वयंपाकघरापासून दहा पावलं. पण साहेब म्हणाले, "पक्षकार रस्त्याच्या दारानं येतात."

तेव्हा काकू मागच्या दारानं बाहेर पडल्या, घराला वळसा घालून, डोक्यावर पदर घेऊन भर रस्त्यानं आल्या आणि बाकावर एका कापसाच्या दलालाशेजारी नंबर येईतो बसून राहिल्या. नंबर आला. साहेबांनी चष्मा पुसला, जन्मात कधी न पाहिल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं आणि नाव विचारलं. काकूंनी सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती मंगळागौरीला, तेही उखाण्यात दडवून. दलाल छताकडे बघू लागला. शेवटी काकूंनी पदराआडून बोट दाखवलं, "दारावरच्या पाटीवर लिहिलं हाये तेच."

"पाटी माही हाये, सांगनं तुमचं पाहिजे," साहेब म्हणाले.

काकूंनी सांगितलं. मान खाली घालून, एकदाच, पण स्पष्ट. सही केली आणि आल्या तशा रस्त्यानं परत गेल्या. पुढे चार दिवस साहेबांच्या भाजीत मीठ नव्हतं, असं त्यांनीच मला सांगितलं. तक्रार केली नाही म्हणाले; पक्षकाराला राग येऊ शकतो.

मी तेव्हा सात वर्षांपासून त्यांच्या हाताखाली वकिली करत होतो. भातकुलीच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी वांगी-मिरची. घराण्यात शाई फक्त अंगठ्याला लागलेली. बोटांना लागली ती माझ्यापासून. त्या सात वर्षांत मी ते मधलं दार कधी ओलांडलं नाही. कोणीच ओलांडत नसे. पाणी प्यायचं तर कचेरीतल्या माठातलं. मला वाटायचं, आपण माळ्याचे म्हणून. मग पाहिलं की साहेबांचे स्वतःचे साडूसुद्धा कागद घेऊन आले की बाकावरच बसतात. तेव्हा कुठे माझं मन निवळलं, तेही पुरतं नाही.

साहेबांचा एक प्रश्न ठरलेला होता. तुम्ही काहीही सांगा, ते विचारायचे, "डोळ्यानं पाह्यलं?" अकोल्यात पाऊस झाला म्हणा, अमक्याच्या घरी भांडण झालं म्हणा, हा प्रश्न यायचाच. गप्पांची मजा अशी निघून जायची की विचारू नका. दुसरा प्रश्न सही करायला आलेल्यासाठी असे, "सकाळी काय खाल्लं?" माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे त्यांना त्यावरून कळायचं. एकदा एक म्हातारा जमीनदार दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून आला. सकाळचं खाणं त्याला आठवेना. साहेबांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी पढवून आणलं, म्हाताऱ्यानं खोलीत शिरता शिरताच सांगितलं, "भाकर, पिठलं." साहेबांनी विचारलं, "अन् काल?" मुलं निमूट बापाला घेऊन गेली.

शिक्का एका जाड्याभरड्या पिशवीत घालून ते कनवटीला लावत. आंघोळीच्या वेळी तो कोनाड्यात ठेवत आणि डोळ्यांत साबण गेला तरी डोळे मिटत नसत, असं काकू म्हणायच्या.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. तारेच्या दिवशी मात्र मी हादरलो. अकोल्याहून सकाळी तार आली की साहेबांचे थोरले भाऊ गेले. तार मीच वाचली. आतून काकूंचा रडण्याचा आवाज येऊ लागला. साहेबांनी तार घेतली, घडी करून टेबलाच्या खणात ठेवली आणि बाकावरच्या माणसाला म्हणाले, "या, पुढं या."

मी म्हटलं, "साहेब, आंघोळ करायची असेल ना? सुतक आहे."

"तार करनाऱ्यानं पाह्यलं असंल. म्या पाह्यलं नाही."

त्यांनी त्या दिवशी तीन कागदांवर शिक्के उठवले. मला त्यांची किळस आली, खोटं कशाला बोलू. काम संपल्यावर बडनेऱ्याला जाऊन त्यांनी अकोल्याची गाडी धरली. तिसऱ्या दिवशी आले ते डोक्याची हजामत केलेले. कचेरीच्या पायरीशी मी उभा होतो. मला म्हणाले, "पाह्यलं." आणि त्याच पायरीवर बसून, रस्त्यानं माणसं जात-येत असताना, लहान मुलासारखे रडले. मी कुठे बघावं ते मला कळेना. त्यांच्याबद्दल काही ठरवून टाकायची माझी हिंमत त्या दिवसापासून गेली.

आता माझी गोष्ट. अकोल्याला नवा नोटरी नेमायचं नागपूरच्या सरकारच्या मनात आलं आणि मी अर्ज करायचं ठरवलं. त्या अर्जाला काय काय लागायचं, ते अजून तोंडपाठ आहे. वकिलीला अमुक वर्षं झाल्याचा जज्जसाहेबांचा शेरा. गावातल्या प्रतिष्ठितांच्या सह्या. जन्माचा पुरावा, तो नसेल तर बापाचा नोटरीसमोर शपथेवर केलेला हलफनामा. आणि सगळ्यांत वर, एखाद्या जुन्या नोटरीचा शिक्क्यासह दाखला की मी या माणसाला प्रत्यक्ष ओळखतो व याची वागणूक सचोटीची आहे.

शेवटचा दाखला मला सोपा वाटला होता. सात वर्षं या माणसाच्या टेबलाला टेबल लावून बसलो. पण साहेब म्हणाले, "तू माह्याइथं बसतो, हे मले मालूम हाये. ओळखतो का नाही, ते पाहू." मी रागानं घरी जाऊन जेवलो नाही. तरी ते देतील असं वाटत होतं. नाही म्हणाले नव्हते. इकडे बापानं पेंटरकडून टिनाची पाटी रंगवून आणलीही होती, माझ्या नावाखाली 'नोटरी पब्लिक, अकोला' अशी. घरात कोणाला वाचता येत नव्हती, पण पाव्हणा आला की ती फडक्यातून काढून दाखवली जायची. पाटी फळीवर, आणि अर्ज अजून माझ्या पिशवीत.

जन्माच्या पुराव्यावर घोडं अडलं. भातकुलीच्या नोंदवहीतलं माझ्या सालाचं पान वाळवीनं खाल्लेलं. म्हणजे बापाचा हलफनामा आला. अर्ज नागपूरला पोचायची मुदत दसऱ्यानंतर लगेच संपत होती, आणि दसऱ्याच्या आधी झेंडूच्या मळ्यातल्या माणसाला मरायला फुरसत नसते. वर्षाची कमाई त्या चार दिवसांत. बाप पहाटे तोडणीला, दुपारी टोपली भरायला, संध्याकाळी बडनेरा स्टेशनावर टोपली गाडीत चढवायला. त्याला अमरावतीला कसं आणणार? मी हलफनामा लिहिला, वाचून दाखवायलाही बाप सापडला नाही, म्हणून शाईच्या गादीसकट फळीवर ठेवला आणि आईला सांगितलं, "याच्यावर बाबांचा अंगठा घेऊन ठेव." सकाळी उचलला तेव्हा अंगठा उठलेला होता. मी तो साहेबांसमोर ठेवला.

"बाप कुठं हाये?"

"साहेब, दसरा तोंडावर आहे. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. विहिरीच्या कागदाच्या वेळी आले होते. अंगठा माझ्यासमोर लावलाय. मी साक्षीदार म्हणून सही करतो."

"डोळ्यानं पाह्यलं?"

"हो," मी म्हटलं.

सात वर्षांत त्या प्रश्नाला मी दिलेलं ते पहिलं खोटं उत्तर. साहेबांनी कपाटातून त्यांची अंगठ्यांची वही काढली. समोर आलेल्या प्रत्येकाचा एक अंगठा ते त्या वहीत घेऊन ठेवत. विहिरीच्या कागदाचं पान उघडून त्यांनी माझ्या कागदाशेजारी ठेवलं. वहीतल्या अंगठ्यावर मधोमध एक तिरपी पांढरी रेघ होती. विळ्याची जखम. ती मला जन्मापासून माहीत. लहानपणी त्या रेघेवरून बोट फिरवत मी झोपायचो. माझ्या कागदावरच्या अंगठ्याला रेघ नव्हती. तो लहान होता, गोल होता.

"हा बाईचा अंगठा हाये," साहेब म्हणाले.

खोटा हलफनामा, तोही नोटरीसमोर, तोही नोटरी व्हायला निघालेल्या वकिलानं आणलेला. माझी सनद त्यांच्या हातात होती. पण खरं सांगतो, त्या क्षणी सनदेपेक्षा मला दुसरंच लागलं. तो कागद मी सकाळपासून खिशात घालून फिरत होतो, दोनदा उघडून पाहिला होता, आणि माझ्या बापाचा अंगठा नाही हे मला दिसलं नव्हतं.

साहेबांनी शिक्का कनवटीला लावला आणि बैलांची दमणी जोडायला सांगितली. आम्ही भातकुलीच्या वाटेला लागलो.

आई मळ्यात तोडणी करत होती. बाप बडनेऱ्याला गेलेला. साहेब बांधावर उभे राहिले आणि कागद पुढे धरला.

"बाई, हा अंगठा कोनाचा?"

"माहा," आई म्हणाली. हात चालूच होते.

"कागदात लिहिलं हाये, मी याचा बाप."

"असंल जी. मले कुठं वाचता येते? ह्यायले टाइम नव्हता. पोराले तं सकाळीच पाहिजे होता. मंग म्या लावला."

"कागद कशाचा हाये, मालूम हाये?"

"याच्या जन्माचा म्हने."

"तो तं याच्या बापानं सांगाचा असते."

आता आईनं वर पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "त्यायनं काय सांगाव जी? त्यायले काय मालूम? ते त्या दिशी टोपले घेऊन बडनेऱ्याले गेले होते. आले तवा पोरगं न्हाऊन झोपलं होतं. म्याच सांगतलं त्यायले, पोरगा झाला म्हनून."

"जवळ कोन होतं?"

"माही सासू अन् सुईन. दोघी बी गेल्या."

"म्हंजे डोळ्यानं पाहनारं तुमीच एक."

"मंग," आई म्हणाली, आणि पुन्हा तोडणीला लागली.

साहेब बांधावर मटकन बसले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं ऊन लागलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हनाला, समोर लावला."

आई तीन हातांवर होती. मी म्हटलं, "नाही साहेब. मी समोर नव्हतो. खोटं बोललो."

त्यावर आईचे हात थांबले. दसऱ्याच्या तोडणीत ते थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. "काहून रे बापू?" एवढंच तिनं विचारलं. साहेबांनी मला पोलिसात दिलं असतं तरी मला एवढी लाज वाटली नसती.

परतताना दमणीत साहेब बोलायला लागले. "कितीक बापायचे हलफनामे केले म्या. शाळेचे, नोकरीचे, वारसाचे. एकाले बी इचारलं नाही, डोळ्यानं पाह्यलं का म्हनून."

मी म्हटलं, "साहेब, मजकूर खरा आहे की नाही, ते नोटरी बघत नाही. माणूस तोच आहे ना, एवढंच बघतो. हे तुम्हीच मला शिकवलं."

"शिकवलं. अन् सकाळी काय खाल्लं ते साऱ्यायले इचारलं. हे नाही इचारलं."

मला वाटलं, म्हातारा रात्री झोपला की सकाळी ताळ्यावर येईल. दुसऱ्या दिवशी मी बापाला घेऊन कचेरीत गेलो. दसऱ्याचा आदला दिवस. भरलेली टोपली मळ्यात तशीच ठेवून तो आला होता. आईही आली, आपल्यामुळे झालं म्हणून. दोघं बाकावर बसली, बापानं अंगठा धुऊन पुसून तयार ठेवला होता.

साहेब म्हणाले, "शिक्का गेला."

"कुठे गेला?"

"सकाळी जज्जसाहेबांच्या हाती देऊन आलो. राजीनामा बी देला."

मी खुर्चीवरून उठलो. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं? माझा दाखला झाला असता, बापाचा हलफनामा झाला असता, मग खुशाल द्यायचा होता शिक्का. माझा बाप फुलं सडत टाकून आलाय, हे त्यांना दिसत नव्हतं का? साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ज्या शिक्क्यावर माहाच भरोसा राह्यला नाही, तो तुह्या कागदावर कसा मारू?" असं म्हणून त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर लिहायला बसले. अक्षर नेहमीचंच, टपोरं. लिहून झाल्यावर त्यांनी तो तिघांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"मी या माणसाला ओळखतो. तो माझ्यापाशी सात वर्षं आहे, परंतु काल दुपारपर्यंत मी त्याला ओळखत नव्हतो. काल तो माझ्याशी एकदा खोटं बोलला आणि नंतर आपल्या आईच्या देखत त्यानं ते कबूल केलं. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याची वागणूक सचोटीची आहे."

खाली सही. शिक्क्याची जागा रिकामी. साहेब आईकडे वळले. "याले साक्षीदार पाहिजे. तुमी होत्या तिथं."

आईनं माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, उठली आणि शाईत अंगठा बुडवून त्या रिकाम्या जागी टेकवला. तोडणीचा पिवळा रस तिच्या नखांत होता, तोही थोडा कागदाला लागला.

बापानं विचारलं, "हे चालते का नागपुरात?"

"नाही चालत," साहेब म्हणाले.

"पाठव तरी," बाप मला म्हणाला. धुतलेला अंगठा पुसत तो मळ्याकडे निघाला. संध्याकाळच्या गाडीला काही टोपली तरी चढवता आली असती.

मी पाठवला. जे होते ते सगळे कागद जोडले, आणि वर तो दाखला, ज्यात माझ्या गुरूनं मी खोटं बोललो असं लिहिलं होतं. महिन्याभरानं अर्ज परत आला. दाखल्यावर तांबड्या शाईत शेरा होता: 'शिक्का नाही. सबब नामंजूर.' मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. कागद उलटून पाहिला. मी खोटं बोललो याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या ओळीखाली साधी रेघसुद्धा मारलेली नव्हती. नामंजुरीचं मला दुःख झालं, पण धक्का बसला तो याचा. शिक्का असता तर मी खोटारडा असूनही नोटरी झालो असतो.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो. कचेरीत आता बाकावर कोणी नसायचं. त्यांनी शेरा वाचला, आईच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"काहीच नाही, साहेब."

ते उठले. मधल्या दाराची कडी काढली, ते पुरतं उघडलं आणि आत हाक मारली, "अजून एक पान मांड व." मग मला म्हणाले, "चाल, हात धू."

मी सवयीनं रस्त्याच्या दाराकडे वळलो होतो. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "तिकडून नाही. इकडून."